ख्रिस्त नेमका कुणासाठी मेला? साखळीच्या एका ताईंना उत्तर

ताई, सप्रेम सलाम.

इतर वाचकांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही साखळीला राहता आणि म्हापशाला एका घरगुती प्रार्थनासभेत जाता. पाळक मूळचे बेळगावचे, मेथडिस्ट घरातले. सभेतल्या एका तरुणाने इंटरनेटवर व्याख्यानं ऐकली आणि उत्तम शुक्रवारनंतरच्या शास्त्रपाठात उभं राहून सांगितलं की ख्रिस्त सर्वांसाठी मेला नाही, देवाने निवडलेल्यांसाठीच मेला. तेव्हा भेटेल त्याला ‘ख्रिस्त तुझ्यासाठी मेला’ असं सांगणं खोटं आहे. पाळकांनी तिथल्या तिथे त्याला पाखंडी ठरवलं. तुमच्या वाड्यावरच्या कॅथलिक आंटी म्हणाल्या, आमच्यात असले वाद नसतात. आणि तुमचे वडील बाप्तिस्मा न घेता वारले, त्यांचं उदाहरण त्या मुलाने भर सभेत दिलं. तुम्ही विचारता: खरं कोण बोलतंय, लोकांना काय सांगायचं, आणि माझ्या वडिलांचं काय?

माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझं बोलणं कुठल्या काट्याने तोलायचं ते तुम्हाला कळेल. मी बायबल आणि मंडळीचा इतिहास शिकवत आलो आहे. कोल्हापूरकडच्या प्रेस्बिटेरियन वळणात, म्हणजे निवड मानणाऱ्या परंपरेत, वाढलो. तरी ख्रिस्ताचं मरण फक्त निवडलेल्यांपुरतं होतं हे मला शास्त्रातून पटलेलं नाही. तसंच, तुमच्या सभेतला तो मुलगा पाखंडी आहे हेही मला पटत नाही. त्याचा मुद्दा जुना आहे, वजनदार आहे. त्याने तो अर्धवट उचलला आहे एवढंच.

दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी आधी बाजूला काढू. सगळ्यांचं तारण होत नाही, हे दोघेही मानतात. ख्रिस्ताच्या मरणाची किंमत अपार आहे, हेही दोघे मानतात. विश्वासाशिवाय त्या मरणाचा लाभ पदरात पडत नाही, यावरही भांडण नाही. (शेवटी सगळ्यांचंच तारण होईल असं मानणारे तिसरे लोक आहेत, तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनपासून आजपर्यंत. तुमच्या सभेत त्यांचा कुणी दिसत नाही, म्हणून त्यांना इथेच सोडतो.) उरतं ते एवढंच: पुत्राला पाठवताना पित्याचा हेतू काय होता? सर्वांसाठी तारणाची सोय करायची आणि जो विश्वास ठेवील त्याला ती द्यायची? की ठरावीक माणसांना नक्की तारायचं, त्यांना विश्वाससुद्धा द्यायचा, आणि त्यांच्याकरताच पुत्राने मरायचं? पहिल्या उत्तरात हेतू सर्वांसाठी, पण परिणाम काहींपुरता. दुसऱ्यात परिणाम पक्का, पण हेतू काहींपुरता. म्हणजे मर्यादा दोघेही घालतात. पाळकांना हे वाचून राग येईल, पण ‘आम्ही अमर्याद मानतो, तो मर्यादित मानतो’ ही मांडणी सोयीची आहे, खरी नाही.

आता तुमच्या आंटी. त्यांचा विश्वास बरोबर आहे, इतिहास मात्र नाही. कॅथलिक मंडळीत हा वाद प्रॉटेस्टंटांच्या सातशे वर्षं आधी पेटला होता. नवव्या शतकात ऑर्बे मठातला गॉटशाल्क नावाचा संन्यासी प्राचीन धर्माचार्य ऑगस्टीनच्या लिखाणावरून सांगू लागला की ख्रिस्त निवडलेल्यांसाठीच मेला. ८४९ साली फ्रान्समधल्या किएर्झीच्या सभेने त्याला दोषी ठरवलं, फटके मारले, आणि पुढचं आयुष्य त्याने मठातल्या कैदेत काढलं. ८५३ मध्ये किएर्झीलाच पुन्हा सभा भरली. तिने सांगितलं की ज्याच्यासाठी ख्रिस्ताने दुःख सोसलं नाही असा माणूस झाला नाही, आज नाही, पुढे होणार नाही. गंमत अशी की दोनच वर्षांनी, ८५५ मध्ये, व्हॅलेन्सच्या बिशपांनी या वाक्यावरच आक्षेप घेतला. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्ड या धर्मपंडिताने दोघांनाही झेपेल असं सूत्र दिलं: किंमत पाहिली तर सर्वांसाठी पुरेसं, परिणाम पाहिला तर निवडलेल्यांसाठी. शतकानुशतकं सगळे या एकाच वाक्याच्या आडोशाला राहिले.

पुढे कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये ठरवलं की ख्रिस्त सर्वांसाठी मेला, पण त्याच्या मरणाचा लाभ सर्वांना मिळत नाही. तरी वाद थांबला नाही. ईप्रचा बिशप यान्सेन याचं पुस्तक त्याच्या मरणानंतर १६४० मध्ये निघालं आणि फ्रान्समधल्या कॅथलिकांत उभी फूट पडली. १६५३ मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी त्या पुस्तकावरून काढलेली पाच विधानं निषिद्ध ठरवली. त्यांतलं पाचवं आपल्याच विषयाचं होतं: ख्रिस्ताने सर्व माणसांसाठी रक्त सांडलं असं म्हणणं ही चूक आहे, असं ते विधान. आजच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, १९९२ च्या, परिच्छेद ६०५ मध्ये किएर्झीचं ते जुनं वाक्य जसंच्या तसं आहे. तेव्हा आंटींच्या मंडळीत आज हा वाद नाही, कारण तो तिथे लढून संपवला गेला आहे.

मग त्या मुलाची शिकवण, जी ‘पाच मुद्दे’ म्हणून ओळखली जाते, ती कुठून आली? हॉलंडमधून. याकोब आर्मिनियस हा जिनिव्हाला, प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनचा वारस बेझा याच्या हाताखाली शिकलेला. पण देव माणसं न पाहताच निवडतो, हे त्याला पटेनासं झालं. तो १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी सरकारपुढे पाच कलमं ठेवली. दुसरं कलम असं की ख्रिस्त सर्वांसाठी, एकेका माणसासाठी मेला, पण क्षमेचा लाभ विश्वास ठेवणाऱ्यालाच. त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ डोर्ट शहरात मोठी धर्मसभा भरली, ब्रिटन, जिनिव्हा, ब्रेमेन वगैरे ठिकाणांहून प्रतिनिधी आले, आणि आर्मिनियसच्या लोकांना बाहेर काढण्यात आलं. यात राजकारणही भरपूर होतं. सभा संपल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा पाठीराखा, वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट, याचा शिरच्छेद झाला. दुसरा पाठीराखा ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. दोन वर्षांनी तो पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून निसटला. गोव्यातल्या वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने आठवायला हवं: समुद्र कुणा एकाच्या मालकीचा नाही, पोर्तुगिजांना पूर्वेकडचा व्यापार अडवायचा हक्क नाही, असं १६०९ मध्ये लिहिणारा तोच. ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तावरही त्याने १६१७ मध्ये पुस्तक लिहिलं.

डोर्टच्या सभेने प्रत्यक्षात काय लिहिलं, हे त्या मुलाने वाचलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. ‘ट्यूलिप’ (TULIP) या फुलाच्या इंग्रजी नावावर बसवलेली त्या पाच मुद्द्यांची आद्याक्षरं विसाव्या शतकातली आहेत, डोर्टची नाहीत. डोर्टच्या निर्णयांचं दुसरं प्रकरण उघडा. तिसरं कलम सांगतं की पुत्राचं मरण अपार मोलाचं आहे, साऱ्या जगाच्या पापांचं प्रायश्चित्त व्हायला पुरून उरेल एवढं. पाचवं सांगतं की जो विश्वास ठेवील त्याचा नाश होणार नाही हे अभिवचन सर्व राष्ट्रांना आणि सर्व माणसांना भेद न करता सांगितलं पाहिजे. सहाव्यानुसार, जे विश्वास न ठेवता नाश पावतात ते ख्रिस्ताच्या बलिदानात काही कमी पडलं म्हणून नव्हे, स्वतःच्या दोषाने. आणि मग आठवं: त्या मरणाचा तारक परिणाम निवडलेल्यांत घडावा हा देवाचा हेतू. हे आठवं कलम त्या मुलाचं. पण तिसरं, पाचवं आणि सहावं वगळून आठवं वाचणं म्हणजे डोर्ट वाचणं नव्हे. खुद्द त्या सभेतही एकमत नव्हतं. ब्रिटनहून आलेले डॅव्हनंट आणि वॉर्ड, ब्रेमेनचा मार्टिनियस, हे लोक ख्रिस्त कुठल्यातरी खऱ्या अर्थाने सर्वांसाठी मेला असं मानत होते, आणि तरीही त्यांनी निर्णयावर सह्या केल्या. पुढे फ्रान्समध्ये अमिरो या धर्मपंडिताने जवळपास तेच १६३४ मध्ये लिहिलं. १६३७ मध्ये त्याची चौकशी झाली आणि त्याला पदावर राहू दिलं. म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतच या प्रश्नावर दोन घरं आहेत. मी या दुसऱ्या, अमिरोच्या घरातला.

आता वचनं. शास्त्रपाठात तुमच्याकडे एकाने एक वचन फेकलं, दुसऱ्याने दुसरं, आणि आवाज चढत गेले, असं तुम्ही लिहिता. सगळीकडे असंच होतं. थोडं सावकाश पाहू.

त्या मुलाची वचनं: योहान १०:१५, मेंढपाळ मेंढरांसाठी प्राण देतो, आणि त्याच अध्यायात २६ व्या वचनात येशू काहींना सरळ सांगतो की तुम्ही माझ्या मेंढरांपैकी नाही. इफिसकरांस ५:२५, ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून स्वतःला तिच्यासाठी अर्पण केलं. योहान १७:९, मी जगासाठी विनंती करत नाही, तू मला दिलेल्यांसाठी करतो. ही वचनं खरीच विशिष्ट लोकांबद्दल बोलतात. पण त्यांत ‘फक्त’ नाही. गलतीकरांस २:२० मध्ये पौल म्हणतो की देवाच्या पुत्राने माझ्यावर प्रीती केली आणि माझ्यासाठी स्वतःला दिलं. त्यावरून ख्रिस्त एकट्या पौलासाठी मेला असं कुणी म्हणत नाही. योहान १७ चं वचन यापेक्षा जड आहे हे मान्य करतो. महायाजक ज्यांच्यासाठी विनंती करतो त्यांच्यासाठीच बलिदान देतो, हा युक्तिवाद पोरकट नाही. पण त्याच प्रार्थनेत पुढे, २१ आणि २३ व्या वचनांत, जगाने विश्वास ठेवावा, जगाने ओळखावं अशी इच्छा आहे. आणि लूक २३:३४ मध्ये तो खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. आपल्या मराठी मंडळ्यांत उत्तम शुक्रवारी सात उद्गारांवर उपासना होते, तिची सुरुवातच तिथून होते.

पाळकांची वचनं: १ तीमथ्य २:४ ते ६, देवाची इच्छा सर्व माणसांचं तारण व्हावं, ख्रिस्ताने सर्वांसाठी स्वतःला खंडणी म्हणून दिलं. ऑगस्टीनपासून एक उत्तर चालत आलं आहे की ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारची माणसं, कारण वरच दुसऱ्या वचनात राजे आणि अधिकारी आले आहेत. हे उत्तर पाळकांनी हसण्यावारी नेऊ नये. संदर्भात ते बसतं. पण १ योहान २:२ मध्ये ते ताणावं लागतं. तिथे योहान म्हणतो, ख्रिस्त आपल्या पापांचं प्रायश्चित्त आहे, आपल्याच नव्हे तर सर्व जगाच्या. दुसरी बाजू योहान ११:५१–५२ दाखवते: एका राष्ट्रासाठीच नव्हे, तर देवाची पांगलेली मुलं एकत्र करण्यासाठी, म्हणजे ‘जग’ म्हणजे यहुद्यांबाहेरचे निवडलेले. हे त्यांचं सर्वांत चांगलं उत्तर आहे. पण त्याच छोट्या पत्रात, ५:१९ मध्ये, योहान पुन्हा ‘सर्व जग’ म्हणतो, आणि तिथे ते दुष्टाच्या ताब्यात पडलेलं आहे. त्याच पत्रात, त्याच लेखकाच्या त्याच शब्दांचा अर्थ मी पहिल्यांदा ‘निवडलेले’ आणि दुसऱ्यांदा ‘न निवडलेले’ करू शकत नाही. त्यात २ पेत्र २:१ आहे: खोटे शिक्षक, ज्या स्वामीने त्यांना विकत घेतलं त्यालाच नाकारणारे. आणि लूक २२:१९–२१. भाकर मोडताना येशू म्हणतो, हे तुमच्यासाठी दिलेलं शरीर. प्याला देताना म्हणतो, तुमच्यासाठी ओतलेलं रक्त. आणि लगेच पुढचं वाक्य: धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. यहूदा तिथे बसला होता. माझ्या मनात या प्रश्नाचा काटा सरकला तो या ओळींमुळे.

तरीही विरोधी बाजूचा सर्वांत धारदार युक्तिवाद तुम्हाला सांगितला नाही तर उत्तर अप्रामाणिक होईल. जॉन ओवेन या इंग्रज पंडिताने तो १६४८ च्या सुमारास मांडला, आणि तुमच्या सभेतल्या मुलाने ऐकलेल्या व्याख्यानांत तो नक्की असणार. तो असा: ख्रिस्ताने एक तर सर्वांची सर्व पापं वाहिली, किंवा काहींची सर्व पापं, किंवा सर्वांची काही पापं. तिसरं खरं असेल तर प्रत्येकाची काही पापं शिल्लक, मग कुणीच तरत नाही. पहिलं खरं असेल तर सगळे का तरत नाहीत? तुम्ही म्हणाल, अविश्वासामुळे. पण अविश्वास पाप आहे की नाही? असेल तर तेही ख्रिस्ताने वाहिलं. मग ते आड का यावं? म्हणून दुसरंच खरं.

पहिल्यांदा ऐकणारा गप्प होतो. मग विचार करा. समजा पतसंस्थेतलं माझं कर्ज माझ्या भावाने भरलं. कारकुनाने त्याच दिवशी माझं खातं बंद केलं पाहिजे. मला माहीत असो नसो, मी भावाशी बोलत असो नसो. ओवेनचा युक्तिवाद चालतो तो हे चित्र धरून. पण ते धरलं तर निवडलेला माणूस वधस्तंभाच्या दिवशीच, जन्माआधीच, मोकळा व्हायला हवा. इफिसकरांस २:३ मध्ये पौल तर सांगतो की विश्वास ठेवण्याआधी आम्हीही इतरांसारखेच क्रोधाची प्रजा होतो. म्हणजे ख्रिस्ताचं मरण पैशाच्या भरण्यासारखं आपोआप लागू होत नाही. दुसऱ्याने माझी शिक्षा भोगणं न्यायाधीशाने चालवून घेतलं, तर त्याचा लाभ मला कधी आणि कुठल्या अटीवर मिळावा हे ठरवायचा हक्क न्यायाधीशाचा राहतो. ती अट देवाने विश्वास ही ठेवली. हे मान्य केलं की ओवेनच्या सापळ्याचा खटका सुटतो. ओवेनला याची कल्पना होती. त्याने उत्तरही दिलं आहे की विश्वास हेसुद्धा ख्रिस्ताने विकत घेतलेलं दान आहे. तिथे वाद पुन्हा निवडीकडे जातो, आणि निवड हा वेगळा प्रश्न आहे.

मेथडिस्ट बाजूला माझी एक तक्रार आहे. ‘ख्रिस्ताने फक्त संधी दिली, बाकी तुझं तू बघ’ असं प्रवचन मी गोव्यात आणि घाटावर, दोन्हीकडे ऐकलं आहे. रोमकरांस ८:३२–३४ वाचा. ज्याने पुत्र दिला तो सगळं देईल. जो मेला तोच आमच्यासाठी मध्यस्थीही करतो. तिथे मरण म्हणजे नुसतं उघडं दार नाही, ते माणसाला आत घेऊन जातं. ओवेनच्या लोकांनी हे जपलं, आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

इथे आपल्या भाषेतल्या सुवार्तेचा इतिहास आठवण्यासारखा आहे. मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ सालसेतमध्ये लिहिला गेला: इंग्रज जेज्विट थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं. पहिल्या पुराणात उत्पत्ती, पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणं. दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. हजारो ओव्या, आणि ऐकणारे गावातले साधे लोक. स्टीफन्स ट्रेंटच्या शिकवणीतला, म्हणजे मरण सर्वांसाठी. तो वारला ते साल १६१९, डोर्टच्या सभेचंच. पुढे मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) छापखान्यातून १८११ मध्ये निघाला तो विल्यम केरीच्या हातून, आणि केरी पक्का दुसऱ्या बाजूचा. त्याच्या बॅप्टिस्ट गटाची ओळखच अशी होती की प्रायश्चित्त विशिष्ट लोकांसाठी. १७९२ मध्ये त्यांनी मिशन काढलं, कारण त्यांच्यातल्याच अँड्र्यू फुलरने १७८५ मध्ये दाखवून दिलं होतं की निवड मानूनही सुवार्ता प्रत्येकाला देणं हे कर्तव्य आहे. १८१३ मध्ये मुंबईला आलेले अमेरिकन मिशनरी ज्या न्यू इंग्लंडमधून आले, तिथल्या त्या पिढीतले बरेच धर्मपंडित प्रायश्चित्त सर्वांसाठी मानत. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडच्या वेस्टमिन्स्टर परंपरेतले, म्हणजे निवडलेल्यांपुरतं. त्याच स्कॉटलंडात १८३१ मध्ये मॅक्लाऊड कँपबेल या पाळकाला ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं शिकवल्याबद्दल पदावरून काढलं. ही सगळी माणसं रस्त्यावर, बाजारात, देवळाच्या पायरीशी एकच हाक देत होती. तुमच्या सभेत आज बेळगावचे मेथडिस्ट, कोल्हापूरचे प्रेस्बिटेरियन, नगरचे काँग्रिगेशनल एका सतरंजीवर बसतात. वाद होणारच. तो त्या मुलाने बाहेरून आणलेला नाही. तो तुमच्या सगळ्यांच्या घरातून आलेला आहे.

मग लोकांना ‘ख्रिस्त तुझ्यासाठी मेला’ म्हणायचं का? मी म्हणतो, आणि बिनघोर म्हणतो. १ करिंथकरांस १५:३ मध्ये पौल करिंथला पहिल्यांदा काय सांगितलं ते लिहितो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला. विश्वास ठेवण्याआधी त्या लोकांना त्याने हेच सांगितलं होतं. पण एक गोष्ट त्या मुलाच्या बाजूने नोंदवतो. प्रेषितांच्या कृत्यांतली प्रवचनं चाळलीत तर अविश्वासी माणसाला उद्देशून नेमकं हे वाक्य सापडत नाही. तिथे आहे: पश्चात्ताप करा, त्याच्या नावाने पापांची क्षमा आहे, जो विश्वास ठेवतो त्याला मिळते. त्या मुलाचा विवेक अडत असेल तर त्याने एवढंच सांगावं. ते पुरेसं आहे, डोर्टच्या पाचव्या कलमानुसार ते त्याच्यावर बंधनकारकही आहे, आणि लंडनचा प्रवचनकार स्पर्जन याने निवडलेल्यांपुरतं प्रायश्चित्त मानत हजारोंना तसंच बोलावलं. मात्र ‘सगळ्यांना सांगू नका’ असं म्हणायचा हक्क त्याला त्याची स्वतःची परंपराही देत नाही.

आता वडील. हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिला आहे, पण पत्राचं कारण तोच असावा.

गोव्यात हा प्रश्न नवा नाही. फ्रान्सिस झेवियर जपानहून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून त्याने युरोपातल्या सोबत्यांना लांब पत्र लिहिलं. जपानी नवख्रिस्ती विचारत होते, आमच्या मेलेल्या आईवडिलांचं काय? झेवियरने सांगितलं, नरकातून सुटका नाही. ते रडले, आणि त्यांना रडताना पाहून आपल्यालाही दुःख झालं असं तो लिहितो. त्याच पत्रात दुसरा धागाही आहे. देवाने आम्हाला इतकी शतकं अंधारात का ठेवलं, असं त्यांनी विचारल्यावर त्याने उत्तर दिलं की खून, चोरी वाईट हे तुम्हाला कुणी शिकवण्याआधीच माहीत होतं. ते देवानेच मनात लिहिलेलं. हे दोन धागे त्याने जोडले नाहीत. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझेस यांनी केरळात उदयंपेरूरला सभा भरवली, आणि तिथल्या संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांवर ठपका ठेवला की प्रत्येकजण आपापल्या धर्मनियमात तरू शकतो असं हे मानतात. जुन्या गोव्याची ती कडक भूमिका. १९६४–६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दुसरा धागा उचलला: स्वतःच्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात ते तरू शकतात; आणि ख्रिस्त सर्वांसाठी मेला म्हणून पवित्र आत्मा, देवालाच ठाऊक असलेल्या रीतीने, प्रत्येकाला त्यात वाटा मिळण्याची शक्यता देतो. तुमच्या आंटींच्या मंडळीची आजची भूमिका हीच.

प्रॉटेस्टंटांत एकच उत्तर नाही. स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली याने आपल्या शेवटच्या लिखाणांत लिहिलं की स्वर्गात सॉक्रेटिसही भेटेल, लूथर भडकला. वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा लहानपणी मेलेल्या निवडलेल्या बालकांबद्दल, आणि ज्यांना वचन ऐकून घेणं शक्य नाही अशा इतर निवडलेल्यांबद्दल म्हणतो की आत्मा त्यांना त्याच्या इच्छेनुसार तारतो. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली म्हातारपणी म्हणाला की बाहेरच्यांचा न्याय करायचा अधिकार देवाच्या वचनाने मला दिलेला नाही.

पण ताई, नीट पाहा: त्या सभेतल्या वादाने तुमच्या वडिलांचा प्रश्न सुटतच नाही, कुठल्याच बाजूने. ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं मानलं तरी विश्वासाचा प्रश्न उरतो. निवडलेल्यांसाठी मेला असं मानलं, तर निवडलेले कोण हे कुणाला ठाऊक? डोर्टचे लोक निवड ही देवाच्या मनातली गुप्त गोष्ट मानत. मरणाऱ्याच्या उशाशी त्याच्या मनात शेवटच्या तासाला काय चाललं होतं, तुम्ही वर्षभर सांगितलेल्यातलं काय रुजलं होतं, हे त्या मुलाला दिसलं नाही आणि मलाही दिसणार नाही. तुमच्या वडिलांचं नाव घेऊन त्याने जे सांगितलं ते त्याच्या शिकवणीतून निघतच नाही. मी तुम्हाला त्यांच्याबद्दल खात्री देणार नाही. ती द्यायची सत्ता माझ्याकडे नाही. पण त्यांना देवाच्या दयेवर सोपवून प्रार्थना करायला, त्यांच्यासाठी आभार मानायला तुम्हाला दोन्ही बाजूंचं कुठलंच कलम अडवत नाही.

पाळकांना माझा निरोप द्या. ‘पाखंडी’ हा शब्द त्यांनी मागे घ्यावा. त्यांच्याच वेस्लीने १७३९ मध्ये या शिकवणीविरुद्ध कडक प्रवचन छापलं, त्याचा जुना सोबती, पण निवड मानणारा व्हाइटफील्ड याने जाहीर उत्तर दिलं, दोघांचं फाटलं. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केलं ते वेस्लीने. पुढचे दोन-तीन शास्त्रपाठ त्या मुलालाच द्यावेत, पण व्याख्यानं नकोत: डोर्टचं दुसरं प्रकरण आधी, मग १ योहान आरंभापासून अखेरपर्यंत, एका बैठकीत. आणि तुमच्या वडिलांचं नाव भर सभेत घेतल्याबद्दल त्याने तुमची माफी मागायला हवी. ते पाळकांनी त्याला बाजूला घेऊन सांगावं, सगळ्यांसमोर नको.